नेढं

निवृत्तीला कंपनीने विचारलं, घड्याळ हवं की व्हाउचर.
हिने व्हाउचर घेतलं आणि त्याची सायकल आणली,
पोपटी, पुढे टोपली.
माझी जुन्या बाजारातली, तिसऱ्या गिअरला कुरकुरणारी.

आज ऊन आहे, म्हणजे रेडिचमध्ये जेवढं असतं तेवढं.
ही म्हणाली, चल, तुला माझं ऑफिस दाखवते.
सव्वीस वर्षं ती त्याला ऑफिसच म्हणायची.
सुयांचा कारखाना होता.
मला त्याचं फाटक तेवढं माहीत:
पहाटे पावणेसहा, वायपर चालू, हिटर बंद,
डबा घेऊन उतरणारी एक पाठ.
फाटकाने ती पाठ गिळली की मी गाडी वळवायचो
डेपोकडे, माझ्या बसकडे.

या गावाला चौक नाहीतच, नुसते गोल.
एका गोलातून सुटावं तर पुढचा हजर.
ही पुढे, हात दाखवून वळते,
जणू सगळी रहदारी हिच्याच परवानगीने चाललीय.
इथल्या नदीचं नाव ॲरो. बाण.
सुयांचं गाव आणि बाणाची नदी,
आलो तेव्हा वाटलं होतं, इथे सगळंच टोचणार.
टोचलंही. ते जाऊ दे.

हिचं काम नेढं बघण्याचं.
सुई उजेडात धरायची, भोक आरपार आहे ना,
कड दोऱ्याला कापणार नाही ना,
मग दुसरी.
दिवसाला किती, मी एकदा विचारलं होतं.
म्हणाली, तू थांबे मोजतोस?
बोटांचे ठसे त्यातच झिजले.
नवा फोन हिला ओळखत नाही,
माझ्या अंगठ्याने उघडतो.

पोचलो तर फाटक नाही.
फाटकाच्या जागी रबरी कांगारू, दोन पुरुष उंच,
आत ट्रँपोलिन.
काउंटरवर मोजे विकणारी बाई
चष्मा कपाळावर सरकवून बघते आणि किंचाळते:
किम!
मी मागे वळून बघतो. मागे कोणीच नाही.
कुमुदिनी हसते.
हे हसणं घरी कधी आलं नव्हतं,
इथेच लॉकरमध्ये ठेवून येत असणार.

रात्री जेवताना ती सगळं आणायची,
सुपरवायझरचा संधिवात, कँटीनमधला शुक्रवारचा मासा,
कोणाचा नवरा पळाला,
आणि पळालेला परत का आला.
हे नाव नाही आणलं.

डेनीस आम्हाला फुकट सोडते,
मोजे मात्र घ्यावेच लागतात, नियम.
हिरवे, तळव्याला ठिपके.
उत्तरेची लांब खिडकी तेवढी जागच्या जागी, धुळकट.
ही तिच्याखाली जाते,
हेल्मेट काढायचं राहिलेलं,
रिकामी चिमूट डोळ्यासमोर धरते,
दुसरा डोळा मिटते.
मागे वीसेक पोरं हवेत.
बराच वेळ बघते.
मग ती चिमूट डावीकडे अलगद सोडते,
ट्रे तिथे असायचा बहुतेक.
पास, म्हणते. डेनीसला, इंग्रजीत.

परतीच्या चढावर दोघांचाही दम जातो.
नदीकाठच्या बाकावर पोळी, शेंगदाण्याची चटणी,
थर्मासच्या झाकणात अर्धा अर्धा चहा.
किम कोणी ठेवलं?
पहिल्याच दिवशी. कार्डावर चौकोन सहाच होते.
आणि तू चालवून घेतलंस?
ती चटणीचं बोट चाटते.
तुला नाही का डेपोत सगळे हॅरी म्हणायचे?

हे हिला कोणी सांगितलं, मी विचारत नाही.
हरिहर कुठल्याच चौकोनात मावला नव्हता, हेही सांगत नाही.
एक बदक येऊन पोळीकडे बघत उभं राहतं.

हं, उघड, म्हणून ती फोन पुढे करते,
डेनीसला मेसेज टाकायचाय.
मी अंगठा टेकवतो.